सव्वा मूठ गहू

१

सोमवारी दुपारी पांझरा नदीवर कानबाई देवीला बोळवून आम्ही परत आलो, तर आमचं मैदान चोरीला गेलेलं.

हसू नका. जमीन तिथेच होती, ती कोण उचलून नेणार? पण घसरगुंडी नव्हती. दोन झोके, सी-सॉ, अर्धे पुरलेले टायर, काही काही नव्हतं. खड्डे मुरमाने बुजवून वरून जेसीबी फिरवलेला. इथे कधी पोरं खेळत होती असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

मंजुळाबाई नातीला कडेवर घेऊन नुसती उभी राहिली. नात म्हणजे कामिनी. तिच्या पायाला प्लॅस्टर.

"अक्का, बठ्ठं गयं व," मंजुळाबाई म्हणाली. "आते ह्या पोरे कोठे खेळतीन?"

आमची ही गिरणी वसाहत. धुळ्यातली गिरणी कधीच बंद पडली, चाळी तेवढ्या राहिल्या. आता पुनर्विकास चाललाय. म्हणजे चाळी पाडल्या, नव्या इमारती खांबांवर अडकल्या आणि आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात भाजायचं, श्रावणात गळायचं. घरं कधी मिळणार म्हणून विचारलं की "होईल अक्का" म्हणतात. हे "होईल" ऐकून माझे कान किटले.

मैदान असं उरलंच नव्हतं. पोरं डंपरच्या रस्त्यावर खेळायची. मग एका डंपरखाली कामिनीचा पाय आला. तेव्हा बायकांनी रस्ता अडवला, वर्गणी काढली, आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत जुनी घसरगुंडी आणून उभी केली. बिल्डरला तिथे पार्किंग हवं होतं. तो म्हणायचा, ही पडीक जागा आहे, इथे कुणी खेळत नाही. आम्ही तक्रार केली. शेवटी महापालिकेचा सर्वेअर मंगळवारी सकाळी येऊन बघणार असं ठरलं. पोरं खेळताना दिसली तर नकाशात मैदान राहणार, नाही दिसली तर पार्किंग.

आणि सोमवारी मैदान साफ.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोलिसात हवालदार होते, आता रिटायर. गुडघे गेलेत, झोप गेलीय, पण वसाहतीत कुणाचं मांजर हरवलं तरी "लताअक्का बघतील". सांगितलं असतं, बाबांनो, मला पडू द्या जरा. पण कामिनी त्या सपाट मुरमाकडे बघत होती आणि रडतही नव्हती. त्या न रडण्याने माझा संताप झाला.

"कुणी मुरमावर पाय ठेवू नका," मी म्हणाले.

२

मुरमावर जेसीबीच्या चाकांचे ठसे स्वच्छ होते. बिल्डरच्या साइटच्या फाटकातून आले आणि तिकडेच परत गेले. फाटकाचं कुलूप शाबूत. म्हणजे चावीने उघडलं आणि चावीने लावलं.

त्या सकाळी वसाहतीत एकच माणूस होता, जीवराम आबा. यावलकडचे, गिरणीतले जुने फिटर. त्यांची शेड मैदानाला लागून, आणि पोरांचा चेंडू पत्र्यावर आदळला की त्यांचा आवाज पार हायवेपर्यंत जायचा. मागच्याच आठवड्यात त्यांनी पाना हलवत सगळ्यांसमोर दम दिला होता, "तुमची घसरगुंडी खोलून भंगारात घालतो की नाही बघा!"

"घातली का?" मी विचारलं.

"माझ्यानं उठवत नाही, घसरगुंडी काय उचलतो!" आबा चिडले. मग जरा नरमले. "जेसीबी आला होता. मला वाटलं, रोजचंच आहे. इथं जेसीबी थांबला तरच माणूस दचकतो."

"कोण होतं?"

"ड्रायव्हर आणि दोन मजूर. तोंडं ओळखीची नाहीत. पण लताबाई, एक सांगू? त्यांनी तोडफोड केली नाही. पाना लावून एकेक बोल्ट काढला. घसरगुंडी कशी उतरवली, जशी नवरी पालखीतून. चोर इतकी माया करतो का?"

आबा माणूस तापट, पण पान्याच्या कामात त्यांची नजर चुकत नाही. मला ते पटलं. ज्याने हे करवलं त्याला मैदान नको होतं, पण घसरगुंडी मोडायलाही मन होत नव्हतं. बिल्डरचा माणूस भंगाराची अशी काळजी करत नाही.

"आबा, तुम्हाला मैदान नकोच होतं ना?"

"मला स्लॅबखाली मरायचंय," ते म्हणाले. "पत्र्याखाली नाही. ह्या मैदानाच्या भांडणात काम थांबतं दर वेळी. एवढंच."

माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी बोलत नव्हते.

३

फाटकावरचा रखवालदार नवल. शिरपूरकडचा, पावरा वस्तीतला, भिडस्त माणूस. मी समोर जाताच त्याने मान खाली घातली.

"तू कुठे होतास?"

"नदीवर, अक्का."

"फाटक सोडून?"

"चेअरमन साहेब बोलले. आज देवीचा दिवस आहे, तू पण चल, साइट बंदच आहे."

"आणि चावी?"

"एक बिल्डर साहेबांकडे. एक माझी. माझी मी जाताना चेअरमनच्या घरी खिळ्याला लावली. तशीच मिळाली परत."

चेअरमन म्हणजे शालिग्राम देवरे. वसाहतीचा जीव की प्राण. मैदानाच्या वर्गणीत पहिली पावती त्याची, घसरगुंडी जुन्या बाजारातून घासाघीस करून आणली त्याने, रंगही स्वतःच्या हाताने दिला. दर सभेत बिल्डरच्या भागीदाराला, हितेंद्र पाटलाला, तो असा झाडायचा की बायका टाळ्या वाजवायच्या. "ह्या माणसाशी मी बोलत नाही, जे असेल ते लेखी!" असं त्याने सभेत जाहीरच करून टाकलं होतं. बिल्डर निवडतानाही नियम त्यानेच मोठ्याने वाचून दाखवला होता, की कमिटीतल्या कुणाचा नातलग बिल्डर असता कामा नये. इतका सरळ माणूस.

मी त्याच्या शेडवर गेले तेव्हा तो डोकं धरून बसला होता. त्याची म्हातारी आई, सुनंदाबाई, देवीच्या चौरंगाची जागा शेणाने सारवत होती. देवी गेलेल्या घरात येतो तसा फुलांचा, तुपाचा वास.

"अक्का, चूक माझीच," शालिग्राम म्हणाला. "नवलला मीच नेलं. गरीब माणूस, वर्षाचा सण. मला काय माहीत तो हरामखोर डाव साधेल!"

"हितेंद्र?"

"दुसरा कोण? पण सिद्ध कसं करणार? काल रात्री तो माझ्याच घरी होता जागरणाला, आणि सकाळी नदीवर आपल्याबरोबर. तुम्हीही पाहिलं असेल."

पाहिलं होतं. पांढरा शर्ट, पँट दुमडून गुडघाभर पाण्यात.

"तुमचं तर बोलणं नाही."

"देवीच्या दारात आलेल्याला परत पाठवायचं का? आला, पाया पडला, प्रसादाची खीर घेतली. मी एक शब्द बोललो नाही."

बरोबरच होतं म्हणा. मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या आणि डोक्यातही.

४

हितेंद्र पाटील साइटवरच्या थंडगार केबिनमध्ये बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. असल्या अदबीचा मला पोलिसात असल्यापासून कंटाळा आहे.

"जेसीबी तुमचाच," मी म्हणाले.

"आमचे तीन भाड्याने आहेत. कुणी ड्रायव्हरला पैसे देऊन नेला असेल. चौकशी करतो."

"चावी?"

"माझी माझ्या खिशात होती. आणि मी कुठे होतो, ते अख्ख्या वसाहतीला माहीत आहे." तो हसला. "लताबाई, तुम्ही इकडच्या नाही ना?"

"सासर संगमनेरचं. गिरणीमुळे इकडे आलो."

"म्हणून. आमच्या खान्देशात कानबाई म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. काल संध्याकाळी रोट खाल्ला, रात्रभर गाणी, पहाटे आरती, तिथूनच नदी. चेअरमन माझा वैरी, पण तोसुद्धा हे नाकारणार नाही. मग मी जेसीबीवर कधी बसलो?"

बरोबर. हा नदीवर, चेअरमन नदीवर, नवल नदीवर. आबांना उठता येत नाही. दोन्ही चाव्यांचे धनी देवीच्या मिरवणुकीत नाचत होते आणि मैदान आपोआप सपाट झालं.

"उद्या सर्वेअर आला की बघू," तो म्हणाला. "पार्किंग झालं तर कामही भराभर होईल. तुम्हालाच घर लवकर मिळेल, अक्का."

'लताबाई'वरून 'अक्का'वर आला, तेव्हाच मी ओळखलं की हा मला घाबरत नाही.

५

संध्याकाळी शेडमध्ये येऊन पडले. वरून पाणी गळत होतं, त्याखाली पातेलं लावलं. कालचं ताट तसंच मोरीत पडलेलं. मंजुळाबाईने रविवारी आणलेलं. तिच्या घरीही कानबाई बसते. ताटात गंगाफळाची भाजी, खीर, पुऱ्या, कटाची आमटी. मी गमतीने म्हटलं होतं, "देवीची ती जाड पोळी, रोट, कुठाय गं? नावच ऐकते मी नुसतं."

आणि ती बिचारी कानकोंडी झाली होती. "अक्का, राग नको मानू. रोट भाऊबंदकीबाहेर देता येत नही. घरना दर गडीना नावनी सव्वा मूठ गहू मोजतस. त्यान्हाच रोट. तो भाऊबंदसनीच खावाना."

ताट घासता घासता माझा हात थांबला.

तशीच ओल्या हाताने मंजुळाबाईच्या दारात गेले.

"मंजुळा, बाहेरच्या पाहुण्याला रोट वाढतात का गं? मोठा माणूस असला तर? साहेब, आमदार?"

"देव उना तरी नही," ती म्हणाली. "खीर देतस, पुरी देतस. रोट नही."

"आणि घरातला पुरुष परगावी असला तर?"

"त्याले येनंच पडस. त्याना नावना गहू मोजेल ऱ्हास ना. नही उना तर बाया जीव खातीस त्याना."

मी तिच्या उंबऱ्यावर बसले. पोलिसात एक गोष्ट शिकले होते. अलिबी, म्हणजे 'मी तिथे नव्हतोच' हा पुरावा, खोटा असतो तेव्हा तो मोडायचा. पण हा खराच होता. हितेंद्र रोट खाऊन आलाच होता. खोटं बोलला असता तर सुटला असता, खरं बोलला आणि सापडला. शालिग्राम मात्र सावध. तो 'खीर' म्हणाला होता.

हितेंद्र पाटील. अहो, खान्देशात पाटील कोण नाही? अर्धा जिल्हा मूळ आडनाव गुंडाळून पाटील लावतो. ह्या पाटलाच्या खाली देवरे होता आणि चार वर्षं कुणाला दिसला नाही. सभेतली भांडणं, 'मी बोलत नाही', सगळं नाटक. बिल्डर चेअरमनचा भाऊबंद होता. एकाने रखवालदार हलवला, दुसऱ्याने चावी आणि जेसीबी दिला, आणि दोघे मिळून नदीवर नाचले. एरवी दोघे सावध. पण सव्वा मूठ गहू मोजलेला, म्हातारीची आण, म्हणून हितेंद्रला त्या घरी यावंच लागलं. ते त्याच्या इतकं अंगवळणी होतं की माझ्यासमोर बोलताना काही वावगं वाटलंच नाही. शिवाय मी पडले संगमनेरची.

मंजुळाबाईला सगळं सांगितलं. मग मी खरी गोष्ट बोलले.

"हे उघड झालं की बिल्डर जाणार. करार रद्द, पुन्हा टेंडर. काम थांबणार. किती वर्षं, देव जाणे. तुझं घर, माझं घर, आबांचं घर. आणि गप्प बसलो तर घर मिळेल, मैदान जाईल. मला ठरवता येत नाही गं. मी दमलेय. खरंच दमलेय."

आत कामिनी झोपली होती, प्लॅस्टरचा पाय उशीवर. मंजुळाबाईने तिकडे पाहिलं.

"घर भेटी आनि ही पोर परत रस्तावर खेळी," ती म्हणाली. "तू बोल, अक्का. पत्राखाले ऱ्हावानी सवय व्हई गई आपले."

६

मंगळवारी सर्वेअर आला. तरुण, घामेजलेला, मोटारसायकलवरून. सपाट मुरमाकडे बघून म्हणाला, "मला दिसेल ते मी लिहिणार. इथे तर काहीच दिसत नाही."

सगळी वसाहत जमली होती. हितेंद्र छत्री धरून एका बाजूला, शालिग्राम त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या बाजूला. नाटक शेवटपर्यंत नीट. सुनंदाबाई काठी टेकत मुलाशेजारी उभी होती. नवल फाटकाशी.

"दहा मिनिटं थांबा साहेब," मी सर्वेअरला म्हणाले. मग शालिग्रामकडे वळले. "भाऊ, हितेंद्र साहेब रविवारी तुमच्याकडे होते. त्यांना काय वाढलंत?"

"सांगितलं ना अक्का, प्रसाद. खीर."

"ते मला वेगळंच बोलले." मी हितेंद्रकडे पाहिलं. "काय खाल्लं म्हणालात, साहेब?"

त्याचा चेहरा त्याच क्षणी उतरला. हुशार माणूस, दोन्ही बाजूची भिंत त्याला दिसली.

मी म्हातारीसमोर गेले. हे सांगताना आजही मला जड जातं. "माय, साहेब म्हणाले, त्यांनी तुमच्या घरचा रोट खाल्ला. बाहेरच्या माणसाने देवीचा रोट खाल्ला?"

बायकांत एकदम कुजबुज उठली. शालिग्राम घाईने म्हणाला, "आई, तू घरी जा."

पण सुनंदाबाई पेटली होती. काठी आपटून म्हणाली, "कोन बोलनं बाहेरना? चाळीस वरीस मी कानबाई बसाडस, बाहेरना मानूसले रोट वाढसू मी? हितू आमना भाऊबंद शे! मना चुलत देरना नातू! त्याना नावनी सव्वा मूठ मी सोता मोजी!"

आणि अभिमानाने तिने सगळ्यांकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. शालिग्रामची मान खाली होती. म्हातारीला सगळं कळलं नसेल, पण तेवढं कळलं.

"आई, अगं..." तो म्हणाला आणि पुढे त्याला काही सुचेना. नाही म्हणावं तर देवीचा रोट बाटला, आईच्या हातून. हो म्हणावं तर चेअरमनकी गेली. तो मटकन खाली बसला, मुरमावर.

"मोडायची नाही एवढंच सांगितलं होतं मी ड्रायव्हरला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "रंग मीच दिला होता."

नवल फाटकापासून चालत पुढे आला. "अक्का, साइटच्या मागे निळ्या ताडपत्रीखाली आहे सगळं. मी काल रात्री पाहिलं. बोलायची हिंमत नव्हती."

मग काय विचारता! बाप्ये धावले, बाया धावल्या. घसरगुंडी डोक्यावर उचलून आणली, जशी आदल्या दिवशी कानबाई नेली होती. खड्डे कुदळींनी पुन्हा उकरले. जीवराम आबा खुर्चीत बसून ओरडत होते, "उलटा बोल्ट, गाढवा! उलटा!" आणि शेवटी स्वतःच उठले, पाना हातात घेतला. उठवत नाही म्हणे. सर्वेअर मोटारसायकलला टेकून बघत होता. पोरांनी बोल्ट आवळायचीही वाट पाहिली नाही. त्याने लिहिलं, ते आम्ही मोठ्याने वाचून घेतलं. खेळाचं मैदान, वापरात.

७

पुढे व्हायचं तेच झालं. शालिग्रामने राजीनामा दिला, बिल्डरचा करार अडकला, काम थांबलं. खांबांना गंज चढतोय. नवं टेंडर कधी म्हणून विचारलं की "होईल अक्का".

दोन दिवसांनी सुनंदाबाई माझ्या दारात आली. मी "या, बसा" म्हटलं. ती बसली नाही.

"मना पोऱ्या चुकना," ती म्हणाली. "ते मी जानस. पन तू त्याले इचारं नही. देवीनं नाव लिसन मना तोंडतून काढी लिधं. मायना तोंडतून."

ती काठी टेकत निघून गेली, आणि तेव्हापासून माझ्या दारावरून जाताना मान वळवते.

जीवराम आबा काल सकाळी घसरगुंडीला तेल देत होते. मी म्हटलं, "आबा, तुमचा स्लॅब माझ्यामुळे लांबला."

"लांबला खरा," ते म्हणाले. मग पोरांवर खेकसले, "ए, रांगेत या! एकावर एक चढू नका!"

कामिनीचं प्लॅस्टर निघालंय. पाय अजून बारीक आहे, जरा लंगडते. संध्याकाळी मी पातेल्यातलं पाणी बाहेर फेकत होते तेव्हा ती शिडी चढून वर पोचली आणि तिथून हाक मारली, "अक्का, बघ ना! बघ, मी येतेय!"

मी पातेलं खाली ठेवलं आणि बघत उभी राहिले.